‘सून मले जेवाले देत नाई’

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून अडीच पानांचं पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ४६ वर्षांच्या. घरी पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. सासूबाई ७४ वर्षांच्या. वीस वर्षांपूर्वी त्यांनी माळ घातली. अकरा वर्षांपासून शुगरची गोळी चालू आहे आणि कानानं कमी ऐकू येतं. दोन वर्षांपासून विसर वाढत गेला. आता जेवून हात धुतल्यावर अर्ध्या तासात त्या ओट्यावर जाऊन बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "सून मले जेवाले देत नाई." डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला, पण रक्ताच्या तपासण्या फारशा केल्या नाहीत. पुण्याच्या नणंदबाईंचं म्हणणं, "तुमच्या खाण्यानंच आईचं असं झालं. ते तेल, ते तिखट, जर्मनच्या गंजातला (ॲल्युमिनियमच्या पातेल्यातला) भात." त्या दर महिन्याला खोबरेल तेल, बदाम आणि अठराशे रुपयांची ‘मेंदूची’ पावडर पाठवतात. त्यांच्या यादीप्रमाणे भाकर बंद करून ओट्स सुरू केले, तर सासूबाई ते थुंकून टाकतात आणि वजनही उतरलं आहे. ताई विचारतात, "मी काय चुकीचं खाऊ घातलं? आणि काय खाऊ घालू म्हणजे आमच्या घरच्यांना तरी हे होणार नाही? ते ५२ वर्षांचे आहेत. बीपी १६०-१०० निघालं होतं, गोळी महिनाभर खाऊन सोडली. खर्रा सुटत नाही."

ताई,

आधी ओट्यावरच्या त्या वाक्याबद्दल बोलते, कारण तुमच्या पत्रात ते चार ठिकाणी आलंय आणि प्रत्येक ठिकाणी अक्षर थोडं गिचमिड झालंय.

सासूबाई खोटं बोलत नाहीत आणि तुमची बदनामीही करत नाहीत. नवी आठवण साठवायचं काम मेंदूतला एक लहानसा भाग करतो आणि या आजारात झीज बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीचं लग्नातलं जेवण त्यांना आठवतं, पण अर्ध्या तासापूर्वीचं वरण-भात नोंदलंच जात नाही. पोट भरल्याची जाणीवही कित्येकदा नीट पोचत नाही. त्यांच्यापुरतं ते खरंच आहे की आज कुणी जेवायला दिलं नाही. त्यामुळे "आत्ताच तर जेवलात!" म्हणून काही साधत नाही, दोघींचा जीव फक्त जळतो. त्यापेक्षा ताटातली अर्धी भाकर आणि थोडं वरण आधीच बाजूला काढून ठेवा. पुन्हा मागितलं की "हो, वाढते" म्हणा आणि ते द्या. आणि शेजारच्या दोन-तीन बायकांना एकदा घरी बोलावून, चहा देऊन सरळ सांगा की आईला असा असा आजार आहे. गावात झाकून ठेवलेल्या गोष्टीला पाय फुटतात. सांगितलेली गोष्ट उलट कामाला येते. उद्या त्या चुकून बसस्टॅंडकडे निघाल्या तर याच बायका हात धरून परत आणतील.

आता नणंदबाईंचा आरोप. "तुमच्या खाण्यानं झालं" हे वाक्य तुम्ही जसंच्या तसं मनाला लावून घेतलंय. मला ते तपासून पाहावंसं वाटतं.

अल्झायमर हा डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. त्यात मेंदूतले बदल पहिलं लक्षण दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून चालू झालेले असतात. म्हणजे सासूबाईंच्या बाबतीत साधारण त्या पन्नाशीत असताना. तेव्हा तुमच्या घरची चूल कुणाच्या हातात होती? माझा अंदाज आहे की तिखटाच्या डब्याचा हिशेब खुद्द सासूबाईच ठेवत असतील. गंमत सोडा, पण दोष द्यायचाच म्हटला तर तो एका सुनेच्या स्वयंपाकावर बसत नाही. भारतात साठीच्या पुढच्या माणसांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यातून असं दिसलं की शंभरातल्या साधारण सात जणांना डिमेन्शिया आहे, एकूण सुमारे ८८ लाख लोकांना. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. एवढ्या सगळ्या घरांत सुना चुकीचं रांधत होत्या असं कुणी म्हणेल का?

जर्मनच्या गंजाचंही सांगून टाकते. १९६५ साली सशांच्या मेंदूत ॲल्युमिनियमचे क्षार टोचले, तेव्हा तिथे काही बदल दिसले. तिथून ही भीती जगभर पसरली. पुढे त्या बदलांची ठेवण अल्झायमरसारखी नाही हे कळलं आणि स्वयंपाकाच्या भांड्यांमुळे हा आजार होतो याचा पुरावा काही उभा राहिला नाही. आमच्याही घरी एकदा अशीच भीती शिरली आणि आईनं चांगली तीन पातेली मोडीत घातली. चिंचेचं सार किंवा अंबाडीची भाजी स्टीलमध्ये करा, आंबटानं जर्मनचं भांडं खराब होतं. बाकी तुमचा गंज राहू द्या.

मग खाण्याचा आणि या आजाराचा काहीच संबंध नाही का? आहे. पण तो नणंदबाई समजतात तसा नाही. पावडर पोटात गेली आणि मेंदूला लागली असा सरळ रस्ता नाही. रस्ता रक्तवाहिन्यांतून जातो. मेंदू आपल्या वजनाच्या मानानं खूप जास्त रक्त मागतो. वर्षानुवर्षं बीपी चढलेलं राहिलं, शुगर वर राहिली, वाईट कोलेस्टेरॉल साठलं, की बारीक नळ्या कडक होतात, बुजतात, आणि मेंदूचे छोटे-छोटे कोपरे उपाशी राहतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानं २०२४ साली डिमेन्शियाची टाळता किंवा लांबवता येण्यासारखी १४ कारणं मांडली. ती सगळी आटोक्यात आली तर जगातल्या जवळपास ४५ टक्के केसेस टळतील किंवा उशिरा होतील, असा त्यांचा हिशेब आहे. त्या यादीत बीपी आहे, मधुमेह आहे, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव, धूम्रपान, अति दारू आहे. कमी ऐकू येणं आहे, उपचार न केलेली कमी दृष्टी आहे, एकटेपणा आहे, कमी शिक्षण आहे, हवेचं प्रदूषण आहे. ‘आहार’ नावाचा वेगळा मुद्दा मात्र त्यात नाही. तो यातल्या चार-पाच कारणांच्या पोटात दडलेला आहे.

एक उदाहरण देते, म्हणजे यादी पाठवणाऱ्यांवरचा तुमचा राग थोडा शांत होईल. अमेरिकेत ‘माइंड’ नावाचा एक आहार फार गाजला. पालेभाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं, शेंगदाण्या-अक्रोडासारख्या बिया, मासे, बेरी, ऑलिव्ह तेल. लोणी, तळलेलं, गोड कमी. २०१५ साली शिकागोच्या संशोधकांनी दाखवलं की असं खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत अल्झायमर कमी आढळतो. सगळे खूश. पण असं खाणारी माणसं बऱ्याचदा चालतातही जास्त, शिकलेलीही असतात, दवाखान्यातही वेळेवर जातात. मग श्रेय नक्की कशाला द्यायचं? म्हणून ६०४ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटून तीन वर्षं खरी परीक्षा घेतली. २०२३ मध्ये निकाल आला. दोन्ही गटांची बुद्धी जवळपास सारखीच. दुसऱ्या गटालाही थोडं कमी खायला सांगितलं होतं, त्यांचंही वजन उतरलं होतं आणि मेंदूच्या आजारासाठी तीन वर्षं म्हणजे फार थोडा काळ. त्यामुळे हा आहार वाईट ठरत नाही. पण एवढ्या काटेकोर प्रयोगात जे दिसलं नाही, ते अठराशेची पावडर करेल यावर मी विश्वास ठेवू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ मध्येच सांगून ठेवलंय की डिमेन्शिया टाळण्यासाठी जीवनसत्त्वांच्या किंवा ओमेगाच्या गोळ्या घेऊ नका.

आता दुसरं उदाहरण, आणि हे तुमच्या गावाच्या जास्त जवळचं आहे. चीनच्या ३२६ खेड्यांत बीपी असलेल्या जवळपास ३४ हजार माणसांवर प्रयोग झाला. अर्ध्या गावांत नेहमीसारखंच चालू ठेवलं. उरलेल्या गावांत मोठ्या डॉक्टरांनी नव्हे, गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी चार वर्षं लोकांचं बीपी मागे लागून खाली आणलं. गोळ्या स्वस्त किंवा फुकट, मीठ कमी करायचा सल्ला, घरी मोजायला मशीन. त्या गावांत डिमेन्शिया १५ टक्क्यांनी कमी झाला.

हे वाचून मी तुमचं पत्र पुन्हा उघडलं. अडीच पानांत सासूबाईंच्या ताटाबद्दल सगळं आहे, आणि ज्या माणसाच्या बाबतीत अजून खूप काही करता येण्यासारखं आहे, तो शेवटच्या तीन ओळींत उरकलाय. तुमचे मालक. वय ५२, बीपी १६०-१००, गोळी सोडलेली. आईला आजार आहे म्हणून मुलाला होईलच असं नाही, शक्यता काहीशी वाढते इतकंच. पण याच वयातलं चढलेलं बीपी पुढे वीस वर्षांनी हिशेब मागतं. चाळिशीनंतर वरचा आकडा १३० किंवा त्याखाली राहावा असं तज्ज्ञ सांगतात. "काही त्रास होत नाही, मग गोळी कशाला" हे मी आमच्या भागातल्या प्रत्येक पुरुषाच्या तोंडून ऐकलंय. बीपीचा त्रास होत नाही हीच त्याची खोड आहे. उपकेंद्रात तिशीच्या पुढच्यांचं बीपी आणि शुगर फुकट तपासतात, गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. आशाताईंना सांगून ठेवा. बायकोचं न ऐकणारा माणूस आशाताईंचं कधीकधी ऐकतो, हा माझा अनुभव आहे, त्यामागचं कारण मात्र विचारू नका.

खर्र्याचं एका फटक्यात सुटणार नाही. तंबाखूतलं निकोटीन प्रत्येक पुडीला बीपी आणि ठोके वाढवतं आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहे तो आहेच. दिवसाच्या आठ पुड्या असतील तर पुढच्या महिन्यात पाच, असं ठरवा. खिशात फुटाणे, बडीशेप, भाजलेलं जवस ठेवा. तोंड चालू राहायची सवय असते, तिला काहीतरी लागतं.

जेवणात सगळ्यात आधी हात घालायचा तो मिठात. दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही सगळं धरून. आपल्याकडे भाजीतलं मीठ त्या मानानं बरं असतं. गडबड होते ती ताटाच्या डाव्या बाजूला. लोणच्याची फोड, पापड, कुरडई, ठेचा, वरून शेव. शेतात नेलेल्या चून-भाकरीबरोबर अख्खी मिरची आणि मिठाचा खडा. हे सगळं तोडा असं मी म्हणणार नाही, उन्हात राबणाऱ्या माणसाचं जेवण बेचव करून चालत नाही. पण रोज एकच डावी वस्तू, आणि कणकेत, भातात वेगळं मीठ नाही, एवढं धरा. तिखटाला घाबरू नका. सावजीची तर्री चढते ती तेलामिठानं, मिरची बिचारी बदनाम.

आणि आता तुमच्या नेहमीच्या जेवणाची बाजू घेते. ‘माइंड’ आहाराची ती यादी आपल्या भाषेत वाचून बघा. पालेभाज्या म्हणजे अंबाडी, चिवळ, पावसाळ्यातला तरोटा, मेथी, माठ. कडधान्यं म्हणजे तुरीचं वरण, मूग, बरबटीच्या आणि वालाच्या शेंगा. अख्खं धान्य म्हणजे ज्वारी. बिया म्हणजे शेंगदाणे, तीळ आणि जवस. जवसाच्या चटणीत वनस्पतींतून मिळणारं ओमेगा-३ भरपूर असतं. मेंदूला लागणाऱ्या प्रकारात शरीर त्याचा थोडाच भाग बदलतं हे खरं, तरी ती हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना चांगलीच. फक्त जवस भाजून कुटूनच खायचं, अख्खा दाणा तसाच पोटातून निघून जातो. नणंदबाईंच्या यादीत ब्लूबेरी आहे म्हणता. ब्लूबेरीवर अभ्यास झाले कारण ती अभ्यास करणाऱ्यांच्या दुकानात मिळते. तुमच्याकडे मृगाला जांभळं, हिवाळ्यात आवळे, बोरं आणि संत्री आहेत. पैसे घालवून डबा मागवू नका.

खरी अडचण वेगळीच आहे. रेशनचा तांदूळ-गहू आला आणि पुष्कळ घरांत ज्वारी मागे पडली. ताटात भाताचा डोंगर आणि वरणाचं तळं उरलं. तूर आपल्याच शेतात पिकते, आपण ती बाजारात विकतो आणि घरी पातळ वरण करतो. भात निम्मा आणि वरण घट्ट, एवढा एक बदल शुगरवाल्या घरात पुष्कळ काम करतो. भाकरीनंही शुगर वाढते, म्हणून तीही मोजूनच. चहा दिवसातून पाच वेळा होत असेल तर त्यातली साखर एकदा कागदावर मांडून बघा.

सासूबाईंबद्दल मला एक वेगळीच शंका आहे आणि ती मला खाण्याच्या यादीपेक्षा महत्त्वाची वाटते. माळकरी, म्हणजे मांस-मासे-अंडी बंद. दूधही फार पोटात जात नसावं. त्यात अकरा वर्षं शुगरची गोळी, आणि ती मेटफॉर्मिन असेल तर तिच्यानं शरीरात बी-१२ (मांस-मासे-अंडी-दुधातून मिळणारं जीवनसत्त्व) कमी शोषलं जातं. बी-१२ खूप कमी झालं की विसर पडतो, पायांना मुंग्या येतात, तोल जातो, माणूस चिडचिडा होतो. हे इंजेक्शननं किंवा गोळीनं भरून निघू शकतं, जितकं लवकर तितकं चांगलं. थायरॉइडचंही तसंच. सगळाच विसर यातून आला असेल असं मी म्हणत नाही, डॉक्टरांचं निदान बरोबरही असेल. पण ही तपासणी झाल्याशिवाय त्यावर शिक्का मारू नये. सेवाग्रामच्या दवाखान्यात किंवा यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, किडनी आणि शुगरचा तीन महिन्यांचा रिपोर्ट करून घ्या. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. त्याच फेरीत कान आणि डोळेही तपासा. कानात मळ साचून किंवा मोतीबिंदूनं माणूस अर्ध्या जगातून उठतो आणि आपण म्हणतो विसरतो.

शुगरची गोळी त्या अजून स्वतःच्या हातानं घेत असतील तर आजपासून डबा तुमच्याकडे, कुलपात. जेवल्याचं विसरणारा माणूस गोळी घेतल्याचंही विसरतो आणि दुसरी घेतो. काही गोळ्यांनी शुगर एकदम खाली जाते. घाम, थरथर, बरळणं, आणि मेंदूला त्याचा मारही बसतो. या वयात आणि या आजारात डॉक्टर शुगरचं लक्ष्य सहसा थोडं सैल ठेवतात, तेही विचारून घ्या.

आणि ओट्स बंद करा. ज्या बाईनं सत्तर वर्षं भाकर खाल्ली, तिच्यासमोर आता पांढरी पेज ठेवली तर तिला ते जेवण वाटतच नाही. वजन उतरतंय ही या घडीला सगळ्यात काळजीची गोष्ट आहे. त्यांना आता ‘मेंदूचा आहार’ नको, पोटात अन्न जायला हवं. वरणात कुस्करलेली भाकर, वर थोडं तूप, मऊ मुगाची खिचडी, ताक. दोन मोठ्या जेवणांपेक्षा पाच लहान. स्टीलच्या ताटात पांढरा भात नजर कमी झालेल्या माणसाला दिसत नाही, म्हणून वरणाचा पिवळा किंवा भाजीचा हिरवा रंग भातावरच येऊ द्या. बदाम आले आहेत तर भिजवून वाटून द्या, अख्खा नको, घशात अडकेल. चहातलं खोबरेल थांबवा. त्यानं विसर कमी होतो याचा पुरावा नाही आणि कोलेस्टेरॉल मात्र वाढतं. एप्रिल-मेमध्ये खास लक्ष ठेवा. पारा ४५ला टेकतो तेव्हा तहान लागल्याचं त्यांना सांगता येणार नाही. दर तासाला चार घोट पाणी, ताक किंवा आंबील हातात द्या. एका-दोन दिवसांत अचानक बरळायला लागल्या तर आजार वाढला असं धरून घरी बसू नका. बऱ्याचदा पाणी कमी पडलेलं असतं किंवा लघवीला जंतुसंसर्ग असतो, लगेच दाखवा.

तुमच्या स्वतःच्या ताटाबद्दल पत्रात एक ओळ आहे. "माझं काय, उरलंसुरलं खाते, बरेचदा चहा-पोळीवरच भागतं." ताई, सेहेचाळिसाव्या वर्षी तुम्हीही त्याच वयात आहात ज्याबद्दल मी एवढं लिहिलं. मालकांना बीपीला न्याल तेव्हा तुमच्याही दंडाला पट्टा बांधून घ्या. आणि सासूबाईंना वाढाल तेव्हा स्वतःचंही ताट घेऊन शेजारी बसा. समोरच्याला खाताना पाहून असे पेशंट जास्त खातात, त्यामुळे हे त्यांच्यासाठीही औषधच. मन फारच दाटून आलं तर १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, फोन फुकट आहे. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ आहे.

राहिल्या नणंदबाई. त्यांचा राग मला भीतीसारखा वाटतो. लांब राहणाऱ्या लेकीला आई हातातून सुटताना दिसते आणि काहीच करता येत नाही, मग कुरिअरनं डबे येतात. वाद घालू नका. फोन करून म्हणा, "ताई, तुमची मदत पाहिजे. पावडरचे अठराशे दर महिन्याला वाचवा. त्यातून एक बीपीचं मशीन आणि आईच्या कानाचं यंत्र घेऊ. आणि दिवाळीनंतर आठ दिवस राहायला या, म्हणजे मी माहेरी जाऊन येते." शेवटचं वाक्य गाळू नका. आठ दिवस त्यांनी ओट्यावरचं ते वाक्य स्वतःच्या नावानं ऐकलं की पुढची यादी बहुधा येणार नाही.

बी-१२चा रिपोर्ट आला की कळवा.